मांडवीवरची पोकर रूम: टेबल चोख, कर जबर

पणजीत मांडवी नदीवर उभ्या असलेल्या कॅसिनो जहाजांवर पोकर खेळायला जावं का, असं हल्ली ओळखीतले बरेच जण मला विचारतात. पत्त्यांचा खेळ मनापासून आवडत असेल, आकडेमोडीचा कंटाळा नसेल आणि सोबत नेलेले पैसे गेले तरी घरातल्या कुठल्याही खर्चाला हात लागणार नसेल, तर जरूर जा. जहाजावरची पोकर रूम मला फार आवडली. बाकीचं जहाज आवडलं नाही. आणि चिप्सवर, म्हणजे टेबलावर पैशांऐवजी लावायच्या चकत्यांवर, किती कर लागतो हे नीट समजून घेतल्याशिवाय तिकडे फिरकू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. जहाजाचं नाव देत नाही. तिथे अशी बरीच जहाजं आहेत, आणि मी लिहितेय त्यातलं बरंचसं सगळीकडे लागू पडेल.

मी सांगलीला बँकेत आहे. सोबत होती ती माझी हॉस्टेलची मैत्रीण, आता पुण्यात असते. हॉस्टेलवर रात्र रात्र मेंढीकोट आणि रमी चालायची. पत्ते लक्षात ठेवण्यात तिचा हात तेव्हाही कुणी धरत नव्हतं. लॉकडाउनमध्ये ती मोबाइलवर पोकर शिकली आणि अगदी छोट्या रकमांच्या टेबलांवर नेमाने खेळायची. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि तिचं ॲप बंद पडलं. मग तिचा एकच धोशा, "अगं, आता खऱ्या टेबलावर बसूया." महाराष्ट्रात ते शक्य नाही. आपल्याकडे १९७६ साली कॅसिनोंसाठी कायदा झाला होता, पण तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्दच करून टाकला. गोव्याचा जुगारबंदी कायदाही १९७६ चाच. त्यात १९९२ साली बदल करून पंचतारांकित हॉटेलांत जुगाराच्या यंत्रांना वाट करून दिली आणि १९९६ साली जहाजांवर टेबलांच्या खेळांना. म्हणून समोर बसलेल्या माणसाने पत्ते वाटायचे, असं टेबल हवं तर पाण्यावरच जावं लागतं.

ती पुण्याहून गोवा एक्स्प्रेसने निघाली, मी मिरजेला चढले, पहाटे मडगाव. तिथून कदंबच्या बसने पणजी. दिवसभर झोप काढली. हे मुद्दाम लिहितेय, कारण पोकरला बसायचं तर झोप झालेली हवी. रात्री एकच्या पुढे टेबलावर जे पैसे हलतात ते बहुतेक पेंगुळलेल्या माणसाकडून जाग्या माणसाकडे जातात.

जहाजावर जायला धक्क्यावरून छोटी बोट सुटते. त्याआधी काउंटरवर ओळखपत्र दाखवायचं, एकवीस वर्षं पूर्ण असल्याशिवाय आत सोडत नाहीत, आणि गोव्याच्या रहिवाशांना तर १ फेब्रुवारी २०२० पासून खेळायला प्रवेशच नाही. आम्ही नोव्हेंबरात आडवारी गेलो होतो, तरी माणशी तीन हजारांच्या आसपास गेले. शनिवार-रविवारी दर चढतात. त्या तिकिटात जेवण, पेयं आणि थोड्या चिप्स येतात. पण या चिप्स एकदाच लावायच्या असतात, जिंकलात तर जिंकलेले पैसे तुमचे, ती चिप मात्र वटवता येत नाही. आणि पोकर टेबलावर त्या चालत नाहीत. तिकीट काढताना हे कुणी सांगत नाही. फक्त पोकर खेळायचं असेल तर आधी पोकर रूमला फोन करून प्रवेशाच्या दरात काही सवलत आहे का ते विचारा. आम्हाला हे तिथे बसलेल्या एकाने सांगितलं, तोवर आमची तिकिटं काढून झाली होती.

खालच्या मजल्याबद्दल थोडक्यात. रूले, बाकारा, अंदर बाहर, तीन पत्ती, यंत्रांच्या रांगा, मधे स्टेज आणि त्यावर कानठळ्या बसवणारी गाणी. या प्रत्येक खेळात तुमच्यासमोर जहाज बसलेलं असतं आणि गणित त्याच्या बाजूचं असतं. रूलेच्या चक्रावर एक शून्य असेल तर प्रत्येक शंभर रुपयांमागे सरासरी दोन रुपये सत्तर पैसे जहाजाचे, दोन शून्यं असतील तर सव्वापाच रुपयांच्या वर. बाकाऱ्यात, म्हणजे दोन बाजूंपैकी कोण जिंकेल यावर पैसे लावायच्या पत्त्यांच्या खेळात, बँकरच्या बाजूवर लावलं तर हा आकडा साधारण एकावर येतो, पण 'टाय'वर, म्हणजे बरोबरीवर, लावलं तर चौदाच्या वर जातो, आणि टायवर लावणारेच जास्त दिसले. पोकरचं तसं नाही. तिथे जहाज तुमच्याविरुद्ध खेळतच नाही. टेबल, पत्ते आणि पत्ते वाटणारा डीलर पुरवतं आणि प्रत्येक डावातून आपला हिस्सा कापून घेतं. पैसे एका खेळाडूकडून दुसऱ्या खेळाडूकडे जातात. चांगलं खेळण्याला इथे किंमत आहे, आणि एवढ्याच कारणासाठी मी तिच्याबरोबर आले होते.

पोकर रूम वरच्या मजल्यावर आहे. दार लावलं की खालचा गोंगाट निम्म्याने कमी होतो. चालू टेबलं तीन: दोन होल्डेमची, एक ओमाहाचं. दोन्ही पोकरचेच प्रकार; होल्डेममध्ये प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते आणि टेबलावर सगळ्यांसाठी मिळून पाच उघडे पत्ते. वेटिंग लिस्टवर नाव लिहून पाऊण तास थांबलो. होल्डेमचं १००-२०० ब्लाइंडचं टेबल सगळ्यांत स्वस्त (ब्लाइंड म्हणजे दर डावात दोघांनी पत्ते बघण्याआधीच लावायच्या रकमा, मोठी ती बिग ब्लाइंड), किमान बाय-इन, म्हणजे बसताना घ्यायच्या चिप्स, वीस हजार. आम्ही दोघी एकाच टेबलावर आलो तेव्हा फ्लोअर मॅनेजरला आपणहून सांगितलं, की आम्ही मैत्रिणी आहोत. त्याने आम्हाला समोरासमोर बसवलं, शेजारी नाही. दोन ओळखीचे एकमेकांना सांभाळून घ्यायला लागले की बाकीच्या सात जणांची फसवणूक होते, आणि पोकरमध्ये याहून वाईट काही नाही. आम्ही आधीच ठरवलं होतं, टेबलावर मैत्री नाही. पहिल्या अर्ध्या तासातच तिने माझ्याविरुद्ध रेझ केलं, म्हणजे पैज वाढवली, आणि मी पत्ते टाकले. तिने डोळे वर करून पाहिलंसुद्धा नाही.

थोड्या वेळाने डाव चालू असताना तिने मला मराठीत काहीतरी विचारलं, पाण्याच्या बाटलीबद्दल. डीलर मुलगी ईशान्येकडची, विशी-पंचविशीतली. हात थांबवून ती शांतपणे म्हणाली, "मॅम, ओन्ली इंग्लिश ऑर हिंदी ड्युरिंग द हँड, प्लीज." मला हे आवडलं. सगळ्यांना कळेल अशाच भाषेत टेबलावर बोललं पाहिजे, नाहीतर पाण्याच्या बाटलीच्या नावाखाली कोण कुणाला काय सांगेल याचा पत्ता लागणार नाही. तेवढ्यात सहाव्या खुर्चीवरचे बेळगावचे गृहस्थ म्हणाले, "बोला बोला, मला सगळं कळतंय." पण नियम नियमच राहिला, त्यांच्यासाठीसुद्धा.

एवढं मोठं परीक्षण लिहायचं मुख्य कारण हे डीलर. खेळणारे कसे निघतील ते आपल्या हातात नसतं, पण टेबल स्वच्छ चालतं की नाही हे सगळं डीलरवर असतं. एक डाव सविस्तर सांगते.

मैत्रिणीने मधल्या जागेवरून आठशेचं रेझ केलं. तिच्याकडे दश्श्यांची जोडी होती, इस्पिक आणि चौकट. डीलर बटणावर, म्हणजे बहुतेक फेऱ्यांत शेवटी पाळी येते त्या जागेवर, सुरतचे एक कापड व्यापारी बसले होते, साठीचे, सगळे त्यांना अंकल म्हणत होते. त्यांनी तोंडाने काही न बोलता पाच हजारांची एकच चिप पुढे टाकली. डीलर म्हणाली, "कॉल," म्हणजे समोरची पैज फक्त जुळवली. अंकल म्हणाले, "कॉल कैसे? रेझ है, पाँच हज़ार." आता पोकरचा नियम असा, की समोर पैज लागलेली असताना तुम्ही न बोलता एकच मोठी चिप टाकलीत तर ती फक्त कॉल धरतात, उरलेले सुटे परत. वाढवायचं असेल तर चिप टेबलाला लागायच्या आत तसं म्हणावं लागतं. अंकलचा आवाज चढला. ते तिथे नेहमी येणारे, मोठं खेळणारे, स्टाफमधला प्रत्येक जण त्यांना ओळखत होता. मुलीने आवाज चढवला नाही, हातही मागे घेतला नाही, फक्त "फ्लोअर" असं म्हटलं. मॅनेजर आला, काय झालं ते त्याने आधी तिच्याकडून ऐकलं, मग अंकलकडून, आणि निर्णय दिला: कॉल. चार हजार दोनशे परत. मी बिग ब्लाइंडवर होते, पत्ते टाकले, आणि श्वास रोखून बघत बसले.

पॉट, म्हणजे मधे जमलेले पैसे, एकोणीसशेचा. फ्लॉप, म्हणजे पहिले तीन उघडे पत्ते, आला किलवर दश्शी, बदाम सत्ती, इस्पिक दुर्री. मैत्रिणीच्या तीन दश्श्या झाल्या. जोडी हातात असताना फ्लॉपवर तिसरा पत्ता लागायची शक्यता साधारण साडेआठात एक असते, म्हणजे फार वेळा होत नाही. तिने हजार लावले. अंकल या वेळी स्पष्ट म्हणाले, "रेझ, तीन हज़ार." तिने नुसता कॉल केला. तिचा चेहरा मी हॉस्टेलपासून ओळखते, तरी मला काही कळलं नाही. टर्नवर, म्हणजे चौथा उघडा पत्ता, चौकट राणी आली. तिने चेक केलं, म्हणजे काही न लावता पाळी पुढे दिली. अंकलनी उरलेले चौदा हजार पुढे सरकवले, ऑल-इन. तिने लगेच कॉल केला. पत्ते उघडले: अंकलकडे दोन एक्के. न दिसलेल्या चव्वेचाळीस पत्त्यांत त्यांना वाचवणारे दोनच उरले होते. रिव्हरला, म्हणजे पाचव्या आणि शेवटच्या पत्त्याला, किलवर पंजी आली आणि पस्तीस हजारांच्या वरचा पॉट तिच्याकडे गेला.

अंकलनी पाच हजारांचं रेझ तोंडाने म्हटलं असतं तर तिने दश्श्या टाकल्या असत्या. तिनेच मला नंतर सांगितलं. म्हणजे डीलरच्या त्या एका शब्दावर अठरा हजार इकडचे तिकडे झाले, आणि तरीही त्या मुलीने नेहमीच्या गिऱ्हाइकाची मर्जी राखायला नियम वाकवला नाही. मॅनेजरनेही नाही. अंकल दोन मिनिटं गप्प बसले, मग पुन्हा बाय-इन मागवलं आणि त्या मुलीला शंभराची चिप टिप म्हणून सरकवत म्हणाले, "आप सही थीं." या एका टेबलासाठी माझे पाचपैकी पाच तारे.

बायकांसाठी वेगळं सांगायला हवं. नऊ जणांत आम्ही दोघीच बायका होतो. २०१८ मध्ये निकिता लूथर या भारतीय खेळाडूने लास वेगासला पोकरच्या जागतिक मालिकेतलं ब्रेसलेट, म्हणजे विजेतेपदाचं कडं, जिंकलं, तरी आपल्याकडच्या टेबलावर बाई बसली की पहिला तासभर तिला धडे देणारे भेटतात. डाव संपल्यावर "आपने वहाँ फोल्ड करना था" (म्हणजे तिथे पत्ते टाकायचे होते) असं एकाने मला सांगितलं. मी काही बोलले नाही, कारण तुमच्या खेळाबद्दल समोरच्याचा गैरसमज असणं तुमच्या फायद्याचं असतं. पण कुणी पातळी सोडून वागलं नाही. एक हैदराबादचा मुलगा प्यायल्यावर जरा जास्तच चौकशा करायला लागला, तेव्हा आम्ही काही म्हणायच्या आतच मॅनेजरने येऊन त्याला दुसऱ्या टेबलावर हलवलं. रात्री दोन वाजता धक्क्यावर उतरलो तेव्हा रस्त्यावर माणसं होती, टॅक्सी लगेच मिळाली. सुरक्षिततेची काळजी वाटावी असं काही घडलं नाही.

तक्रारी आहेत. रूममधला एसी इतका गार, की मी ओढणी डोक्यावरून घेऊन बसले होते, शाल न्याच. जेवण वर आणून देतात, पण आमचं जेवण सव्वा तासाने आलं, आणि बुफेतला भात म्हणाल तर टणक. सिगरेट ओढायची जागा वेगळी आहे, पण तिचं दार सतत उघडं. परतीच्या बोटीसाठी धूर आणि गर्दीत अर्धा तास उभं राहावं लागलं. पणजीत सकाळी कुठल्याही साध्या हॉटेलात पाव आणि पातळ भाजी खाल्ली तर जहाजावरच्या सगळ्या बुफेपेक्षा जास्त समाधान मिळतं, आणि ते आम्ही दुसऱ्या दिवशी मिळवलं.

आता पैशांचं. बँकेतली असल्यामुळे हे सोडून मला पुढे जाता येत नाही.

आमच्या टेबलावर प्रत्येक पॉटमधून पाच टक्के रेक, म्हणजे जहाजाचा हिस्सा, कापत होते, वर एक मर्यादा. तासाला पंचवीस डाव धरा, सरासरी पॉट तीन हजारांचा धरा. दर तासाला पावणेचार हजार टेबलावरून उठून जहाजाच्या पेटीत जातात. पाच तासांत जवळपास एका माणसाचा पूर्ण बाय-इन. हे जगात सगळीकडेच थोड्याफार फरकाने असं असतं, आणि एवढी चोख सेवा मिळत असेल तर ते द्यायला माझी हरकत नाही.

खरा फटका कराचा. १ ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोत विकत घेतलेल्या चिप्सच्या पूर्ण किमतीवर २८ टक्के जीएसटी लागू झाला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला आहे. जिंकलेल्या पैशांनी पुढे खेळलात तर तो पुन्हा लागत नाही, पण खिशातून नव्याने चिप्स घेतल्या की दर वेळी लागतो. वसुलीची पद्धत जहाजागणिक वेगळी असू शकते. म्हणून काउंटरवर एकच प्रश्न विचारा: मी इतके रुपये दिले तर हातात किती रुपयांच्या चिप्स पडणार? आमच्या जहाजावर कर वरून घेतला. वीस हजारांच्या चिप्ससाठी अठ्ठावीस हजार मोजले. नऊ जणांनी मिळून दोन लाख बावन्न हजार भरले आणि टेबलावर आले एक लाख ऐंशी हजार. पहिला पत्ता वाटायच्या आत बहात्तर हजार गेलेले. खेळ कितीही कौशल्याचा असला तरी एवढी दरी भरून काढणं फार थोड्यांना जमेल. वर जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के आयकर आणि उपकर आहेच, आणि हरलेल्या रात्रीचा तोटा जिंकलेल्या रात्रीतून वजा करता येत नाही. पावत्या जपून ठेवा.

आमचाच हिशेब सांगते. एवढा मोठा पॉट मारूनही मैत्रीण शेवटी एकतीस हजारांच्या चिप्स घेऊन उठली, कारण मधे दोन डावांत तिचे बरेच गेले. चिप्सच्या हिशेबाने ती अकरा हजारांनी वर, पण खिशातून गेलेले अठ्ठावीस हजार धरले तर फायदा फक्त तीन हजारांचा. माझ्याकडे साडेचौदा हजार उरले. म्हणजे टेबलावर मी साडेपाच हजार हरले आणि कर धरून साडेतेरा हजार. पाच तास मन लावून, डोकं चालवून, अनोळखी माणसांना वाचत खेळण्यासाठी ही रक्कम मला चालली. ती मी महिनोन्महिने बाजूला टाकलेली होती, आणि कार्डं हॉटेलच्या खोलीवर ठेवून आले होते. तुम्हीही तसंच करा. खाली यंत्रांपाशी एक तरुण मुलगा फोनवर कुणालातरी पुन्हा पुन्हा "बस, अजून पाच पाठव" म्हणत होता, मराठीतच. आम्ही दोघी थांबलो. मैत्रीण त्याच्याशी बोलायला पुढे झाली, पण त्याने मान फिरवली. अशा माणसाला हटकून थांबवणारं, जरा बाजूला बसवून पाणी देणारं कुणीतरी जहाजाने नेमायला हवं. पोकर रूममध्ये नियम इतक्या काटेकोरपणे पाळणाऱ्या लोकांना हे अवघड नाही.

जाणार असाल तर सोमवार ते गुरुवारात जा, संध्याकाळी सातच्या आत पोचा म्हणजे वेटिंग लिस्टवर नाव वर लागतं, आणि आधी टेबलामागे उभं राहून अर्धा तास नुसतं बघा. स्पर्धेच्या दिवसांत कॅश टेबलांवर जागा मिळणं कठीण असतं, तेव्हा तारखाही फोनवर विचारून घ्या. मैत्रिणीला आता ओमाहा शिकायचं आहे, हातात चार पत्ते आणि त्यातले दोनच वापरायचे. तिने सरावाला सुरुवातही केली आहे, घरी, शेंगदाणे लावून. मी होल्डेमलाच बसणार, आणि शक्य झालं तर त्याच डीलरच्या टेबलावर.